डोंगराच्या पोटातली हालचाल

चुलीवर झाकण घातलेले भांडे आहे. आतले पाणी दिसत नाही. पण झाकण थडथडू लागले, की पाण्याला उकळी आली हे आपण ओळखतो. ज्वालामुखी डोंगराच्या पोटात काय चालले आहे, हे शास्त्रज्ञ असेच ओळखतात. ते डोंगराची थरथर मोजतात. ती कशी मोजतात आणि तिचा उपयोग काय, ते आज आपण पाहू.

ज्वालामुखीच्या खाली खोलवर वितळलेला खडक असतो. त्याला शिलारस म्हणतात. शिलारस वर चढू लागला, की वाटेतले खडक तडकतात. खडक तडकला की जमीन हादरते. हे हादरे बहुधा फार बारीक असतात. माणसाच्या पायाला ते कळत नाहीत. ते टिपणाऱ्या यंत्राला भूकंपमापक म्हणतात.

हे यंत्र कसे चालते? बैलगाडी एकदम सुटली, की गाडीत उभा असलेला माणूस मागे पडतो. गाडी पुढे जाते, माणूस जागच्या जागी राहू पाहतो. भूकंपमापकात एक वजन टांगलेले असते. जमीन हलली तरी वजन जागेवर राहू पाहते. जमीन आणि वजन यांच्यात जो फरक पडतो, त्याची नोंद होते.

एका यंत्राने भागत नाही. डोंगराभोवती चार-सहा ठिकाणी यंत्रे बसवावी लागतात. हादरा जवळच्या यंत्राला आधी पोचतो, दूरच्या यंत्राला मागून. त्या वेळेच्या फरकावरून हादरा कुठे झाला आणि किती खोल झाला, याचा हिशेब करता येतो. हादऱ्यांची जातही पाहतात. खडक तडकला तर झटका बसतो. शिलारस किंवा वाफ भेगांतून सरकू लागली तर संथ, लांब हेलकावे येतात.

आता एक खरी हकीकत ऐका. फिलिपिन्स देशात लुझोन बेटावर पिनातुबो नावाचा डोंगर आहे. तो सुमारे ५०० वर्षे शांत होता. त्याच्या उतारावर आएता लोक राहत. २ एप्रिल १९९१ रोजी डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. त्या देशाच्या ज्वालामुखी संस्थेच्या माणसांनी थोड्याच दिवसांत तेथे यंत्रे बसवली. एप्रिलअखेर अमेरिकेचे शास्त्रज्ञही मदतीला आले.

पहिल्याने बरेच हादरे शिखरापासून सुमारे ५ किलोमीटर दूर होत होते. जूनच्या सुरुवातीस ते थेट शिखराखाली होऊ लागले. डोंगरातून निघणारा गंधकाचा वायूही मे महिन्यात दोन आठवड्यांत दसपट वाढला होता. शिलारस वर येत होता.

लोकांना समजावे म्हणून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. ५ जूनला तिसरी पायरी जाहीर झाली, ७ जूनला चौथी, ९ जूनला पाचवी. ज्वालामुखी काय करतो, याचा चित्रपटही लोकांना दाखवला. उभे पीक आणि घरदार सोडून जाणे कोणाला आवडते? तरीही हजारो लोक निघाले. १५ जूनला महास्फोट झाला. त्याच दिवशी वादळी पाऊस आला. राख भिजून जड झाली आणि छपरे कोसळली. शेकडो माणसे दगावली. पण वेळीच हलवल्यामुळे निदान ५,००० जीव वाचले, असा अंदाज आहे.

दुसरी हकीकत दुःखाची आहे. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात नेवादो देल रुइझ हा बर्फाचा ज्वालामुखी आहे. तेथेही वर्षभर आधीपासून हादरे बसत होते. यंत्रे बसवली होती. धोक्याच्या जागांचा नकाशाही तयार होता. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री ९ नंतर स्फोट झाला. बर्फ वितळून चिखलाचा लोंढा सुटला. तो सुमारे सव्वादोन तासांनी आर्मेरो गावात शिरला. गाव सोडण्याचा हुकूम वेळेवर पोचलाच नाही. त्या रात्री सुमारे २३,००० माणसे मेली.

यंत्र पंचांगासारखी घटका-पळे सांगत नाही. कधी हादरे बसतात आणि डोंगर पुन्हा निजतो. मग लोक म्हणतात, उगाच पळवले! पण आम्ही म्हणतो, दहादा फुकट चालणे परवडले, एकदा न चालणे परवडत नाही. यंत्र कानाचे काम करते. ऐकून निरोप पोचवणे हे सरकारचे काम, आणि पाय उचलणे हे आपले.

प्रश्न
१. शिलारस वर चढू लागला की जमीन का हादरते?
२. एकाच यंत्राने काम का भागत नाही?
३. पिनातुबोजवळचे पुष्कळ लोक वाचले, आर्मेरोचे वाचले नाहीत. असे का झाले? आपसांत चर्चा करा.