लाइट आल्यावर दहा मिनिटे थांबा

मी साताऱ्याचा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, मे महिन्यातल्या वळवाने लाइट गेली. पाच मिनिटांत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या काढायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी दर वेळी लगेच कॉम्प्युटरचे बटण दाबत होतो. पडद्यावर दुरुस्ती चालू असल्याचा संदेश आला आणि आकडा एका जागी अडकला. मला धीर निघाला नाही. बटण दाबून धरून मशीन बंद केले. त्यानंतर ते पुढे सरकेचना.

दुरुस्तीवाल्याला बोलावले आणि म्हणालो, "काहीही करा, पण रात्रीत चालू करून द्या." त्याने विचारले, "डेटा काढून घेतलाय ना?" मी न बघताच हो म्हणालो. बॅकअप त्याच हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागात होता. फॉरमॅटमध्ये दोन्ही गेले. कच्च्या वहीवरून दोन महिन्यांचे हिशेब आम्ही पुन्हा भरले. एका शेतकऱ्याची नोंद वहीतही सापडेना. त्या म्हाताऱ्या बाबांना स्वतःकडची पट्टी घेऊन एसटीने पुन्हा यावे लागले. घडी करून करून ती पट्टी मधोमध फाटली होती. लाइट जाणे माझ्या हातात नव्हते, घाई न करणे होते.

यार्डातल्या एका जुन्या वायरमनने नंतर समजावले, "लाइट आली म्हणून लगेच बटण दाबायचं न्हाई. आधी ती टिकतीय का बघायचं." लाइट येताना दाब वरखाली होतो. न्यूट्रलची वायर निसटली असेल तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपासही येऊ शकतात. बल्ब नेहमीपेक्षा लख्ख पेटला तर तडक मेन स्विच बंद करा. म्हणून लाइट गेली की आधी प्लग काढा, आणि आल्यावर दहा मिनिटे थांबा.

तरीही मशीन चालू झाले नाही, तर तपास बाहेरून आत करा. त्याच सॉकेटला मोबाइल चार्जर लावून बघा. कॅबिनेटच्या मागचे छोटे बटण चालू आहे का बघा. मग प्लग काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. थोड्या वेळाने स्पाइक गार्ड आणि यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. पुढच्या पावसाळ्यात साताऱ्याच्या घरचा मेल्यासारखा वाटणारा कॉम्प्युटर एवढ्यानेच सुरू झाला. बिघाड स्पाइक गार्डमध्ये होता.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, असे असेल तर मॉनिटरची वायर तपासा. मग प्लग काढून रॅम काढा, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसा आणि खटकन बसेपर्यंत दाबा. आमच्या अडतीवर रॅमच्या खाचेत हळदीची पिवळी पूड बसलेली असते. ती मऊ ब्रशने झाडावी. तारीख मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल बदला. जळका वास आला किंवा कशाचीच हालचाल नसेल, तर तिथेच थांबा. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहते.

दुरुस्तीचा पडदा दिसला तर त्याला त्याचा वेळ द्या. फॉरमॅट करायची वेळ आलीच, तर हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून डेटा आधी बाहेर काढा, आणि तो उघडतो का हे स्वतः पाहा.

पुराचा नियम वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली, तेव्हा अनेकांच्या घरात, दुकानात पाणी शिरले. भिजलेले मशीन 'बघू तरी' म्हणून चालू करू नये. तसेच जाणकाराकडे द्यावे, त्यातला डेटा कदाचित वाचेल.

यूपीएस जरूर घ्या, पण त्याच्यावर लेझर प्रिंटर लावू नका, आणि मिळालेली पाच-दहा मिनिटे मशीन नीट बंद करायला वापरा. मी आता रोज संध्याकाळी हिशेब पेन ड्राइव्हवर घेतो, उघडून शेवटची पट्टी बघतो आणि तो खिशात घालून घरी जातो. त्या बाबांना पुन्हा एसटीचा फेरा पडू नये, एवढ्यासाठी.