गावाची धावपट्टी, गावाची राखण

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. लेकीकडे अमेरिकेत चार महिने राहून नुकताच परतलो. तिच्या गावाबाहेर ‘म्युनिसिपल एअरपोर्ट’ अशी पाटी होती. संध्याकाळी फिरायला गेलो की तारेच्या कुंपणापलीकडे लहान लहान विमाने चढता-उतरताना दिसायची. तिकीटखिडकी नाही, प्रवाशांची रांग नाही, कंट्रोल टॉवरसुद्धा नाही. लेक म्हणाली, “बाबा, हा इथल्या नगरपालिकेचा आहे.” नगरपालिका विमानतळ चालवते म्हणजे नेमके काय करते? पैसा कुठून येतो? आणि आपल्याकडे असे का नाही?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : लेकीने सांगितले ते खरे आहे. अमेरिकेत कोणालाही वापरता येतील असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. त्यांपैकी साधारण ३,३०० तिथल्या केंद्र सरकारने देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले आहेत आणि अनुदानासाठी पात्र ठरवले आहेत. वेळापत्रकाने सुटणारी प्रवासी विमाने मात्र जेमतेम पाचेकशे ठिकाणी मिळतात. बाकीचे बहुतेक विमानतळ तुम्ही पाहिलात तसे असतात. एखाद-दुसरी धावपट्टी, हँगरच्या रांगा, इंधनाची टाकी आणि मालक म्हणून ते शहर किंवा तो जिल्हा.

याचे मूळ बंदरांच्या जुन्या रिवाजात आहे. दीपगृहे सरकारने उभारायची आणि जहाज लागायचा धक्का ज्या त्या गावाने बांधायचा, अशी तिथली वाटणी होती. १९२६ मध्ये अमेरिकेत हवाई वाहतुकीचा पहिला मोठा कायदा झाला, तेव्हा विमानांनाही तीच वाटणी लागू झाली. वैमानिकांचे परवाने आणि हवाई वाटेवरचे दिवे सरकारकडे गेले, उतरायची जागा गावाकडे राहिली. पुढे दुसऱ्या महायुद्धासाठी लष्कराने देशभर धावपट्ट्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी शेकडो, १९४४ च्या कायद्याच्या आधाराने, विमानतळ म्हणूनच वापरण्याच्या अटीवर गावांच्या स्वाधीन झाल्या. अशा रीतीने कित्येक छोट्या नगरपालिकांच्या पदरात विमानतळ पडला आणि त्याची राखणही.

आता तुमचा पहिला प्रश्न : नगरपालिका नेमके काय करते?

बहुतेक ठिकाणी नगरसभा एक व्यवस्थापक नेमते आणि सल्ल्याला नागरिकांचे एक मंडळ असते. अगदी छोट्या गावात व्यवस्थापकाच्या हाताखाली एक-दोन माणसे असली तरी खूप. त्याचा दिवस धावपट्टीवरच्या फेरीने सुरू होतो. गाडीतून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जातो. सुटा खडा, कुणाच्या विमानाचा निखळलेला बोल्ट, मेलेला पक्षी, रात्री कुंपण ओलांडून आलेले हरीण, हे सगळे त्याला शोधायचे असते. पंख्याने ओढून घेतलेला एक खडाही विमान जायबंदी करू शकतो. मग कडेचे दिवे, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, रात्री हिरवा-पांढरा झोत फिरवणारा दिवा पाहून होतो. काही बिघडलेले असले तर वैमानिकांसाठी त्याची अधिकृत सूचना ताबडतोब जाहीर करावी लागते.

याशिवाय गवत कापायचे, बर्फ उपसायचे, भेगा बुजवायच्या. भेगांचे काम दिसायला क्षुल्लक, पण धावपट्टीचे आयुष्य त्यावरच ठरते. डांबरी धावपट्टी साधारण वीस वर्षे टिकेल अशा हिशेबाने बांधतात. भेगेतून पाणी आत शिरले, थंडीत गोठून फुगले की खालचा थर खिळखिळा होतो आणि वीस वर्षांचे काम दहा-बारा वर्षांतच उखडते. वेळेवर ओतलेले थोडे डांबर पुढचा लाखो डॉलरचा खर्च लांबवते.

टॉवर नाही मग विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत, असे तुम्हाला वाटले असेल. प्रत्येक विमानतळाला रेडिओची एक सामाईक वारंवारिता ठरवून दिलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्या वैमानिकाने तिच्यावर आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, काय करणार आहोत, हे सांगावे आणि इतरांचे ऐकावे, अशी पद्धत आहे. उतरण्याआधी धावपट्टीभोवती कोणत्या बाजूने वळसा घ्यायचा, हेही ठरलेले असते. रात्रीची सोय तर फारच सुंदर आहे. अनेक ठिकाणी दिवे वैमानिक आकाशातूनच लावतो. रेडिओचे बटण पाच सेकंदांत तीनदा दाबले तर मंद, पाचदा दाबले तर मध्यम, सातदा दाबले तर लख्ख उजेड. पंधरा मिनिटांनी दिवे आपोआप मालवतात. खाली चिटपाखरू नसले तरी अंधारातून येणाऱ्यासाठी गावाने दिवा लावून ठेवलेला असतो.

सगळ्यात नाजूक काम कुंपणाबाहेरचे. विमान तिरप्या वाटेने उतरते, म्हणून धावपट्टीच्या टोकापलीकडेही ती तिरपी वाट मोकळी लागते. लहान विमानांच्या साध्या धावपट्टीसाठी वीस फुटांना एक फूट, असा त्या चढाचा ढोबळ हिशेब आहे. चढ सुरू होतो तिथून हजार फुटांवर पन्नास फुटांपेक्षा उंच काही नको. पण झाड दरवर्षी वाढते आणि ते कुणाच्या तरी परसात असते. त्या माणसाला समजावणे, मोबदला देणे, त्याच्या जागेवरचे आकाश मोकळे ठेवण्याचा हक्क विकत घेणे, बांधकाम परवानगी देताना उंची तपासणे, ही नगरपालिकेची रोजची कामे आहेत.

दुसरा प्रश्न : पैसा कुठून येतो?

छोट्या विमानाकडून उतरण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. मुख्य उत्पन्न आपल्याकडच्या नगरपालिकांना चांगले ठाऊक असलेलेच आहे : गाळेभाडे. हँगर म्हणजे विमानाचा गाळा. खासगी विमानाचा मालक महिन्याचे भाडे भरून त्यात विमान ठेवतो आणि अनेक गावांत त्यासाठी प्रतीक्षायादी असते. मोकळी जागा दीर्घ भाडेपट्ट्यावर देण्याचीही पद्धत आहे. भाडेकरू स्वतःच्या पैशाने हँगर बांधतो, वीस-तीस वर्षे वापरतो आणि मुदत संपली की बांधकाम नगरपालिकेचे होते. धावपट्टीच्या लगत मोकळी ठेवावी लागणारी जमीनही रिकामी राहत नाही. कित्येक गावे ती चाऱ्याच्या गवतासाठी शेतकऱ्यांना खंडाने देतात.

दुसरी कमाई इंधनाची. नगरपालिका स्वतः पंप चालवते किंवा विक्रेत्याकडून गॅलनमागे ठरलेली रक्कम घेते. शिकाऊ वैमानिकांच्या आवडत्या सेस्ना १७२ च्या दोन्ही टाक्या भरल्या तरी ५६ गॅलन, म्हणजे साधारण २१० लिटर मावते. कंपनीचे जेट एका खेपेस याच्या कितीतरी पट इंधन घेते. म्हणून जेटला पुरेल इतकी लांब धावपट्टी असावी, ही प्रत्येक छोट्या विमानतळाची इच्छा असते. इंधन भरणे, दुरुस्ती, उड्डाणाचे शिक्षण हे सगळे करणारा व्यावसायिक विमानतळावर जागा भाड्याने घेतो. त्याला तिथे ‘एफबीओ’ म्हणजे ‘फिक्स्ड-बेस ऑपरेटर’ म्हणतात. पूर्वी वैमानिक गावोगाव हिंडून लोकांना विमानातून फेरी मारून आणत आणि पोट भरत. जो एका जागी ठाण मांडून बसला, त्याच्यासाठी हे नाव रूढ झाले.

एवढ्यावर रोजचा खर्च कसाबसा भागतो. नवी धावपट्टी होत नाही. त्यासाठी केंद्राचे अनुदान लागते आणि ते विमानाच्या तिकिटांवरच्या व इंधनावरच्या करांतून उभारलेल्या निधीतून येते. लहान विमानतळाच्या मंजूर कामाचा साधारण ९० टक्के खर्च केंद्र देते, उरलेला राज्य आणि शहर वाटून घेतात. शिवाय २००० च्या कायद्याने छोट्या विमानतळांना वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंत हक्काची रक्कम ठरली. ती काही वर्षे साठवून मोठ्या कामाला लावता येते. मात्र आधी पुढच्या वीस वर्षांचा आराखडा लागतो. आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा नाही. क्रमही ठरलेला : आधी धावपट्टी आणि सुरक्षेची कामे, मग विमाने उभी करायची फरसबंदी, आणि कमाई देणारी हँगरसारखी बांधकामे सर्वांत शेवटी.

अनुदानाबरोबर सुमारे चाळीस हमींची यादी येते. सर्वांना सारख्या अटींवर प्रवेश, कुणा एकाला मक्तेदारी नाही, विमानतळाचा पैसा विमानतळावरच खर्च. बांधकामाच्या अनुदानाची हमी साधारण वीस वर्षे बांधून ठेवते. त्या पैशातून जमीन घेतली असेल तर कायमची. नगरसभा बदलली म्हणून शब्द बदलत नाही. मला या व्यवस्थेतले हे सर्वांत मोलाचे वाटते. एका पिढीने घेतलेला पैसा पुढच्या पिढीला राखणीला बांधतो.

यातून भांडणेही होतात. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी तळ्याकाठच्या मेग्ज फील्ड विमानतळाच्या धावपट्टीवर बुलडोझर चालवले. सकाळी तिच्यावर मोठमोठ्या फुल्या खोदलेल्या होत्या आणि सोळा विमाने तिथेच अडकली होती. शहराला ३३,००० डॉलर दंड झाला आणि विमानतळाच्या निधीतून पाडकामाला लावलेले दहा लाख डॉलर परत करावे लागले. आज तिथे बाग आहे. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराचा विमानतळ याहून जुना. १९३५ मध्ये जगप्रसिद्ध डीसी-३ विमान पहिल्यांदा उडाले ते तिथून. घरे कुंपणापर्यंत आली, आवाजाच्या आणि शिसेयुक्त इंधनाच्या धुराच्या तक्रारी वाढल्या. लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते, त्यामुळे शेजाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अनेक वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर २०१७ मध्ये समझोता झाला. धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फूट झाली आणि २०२८ संपल्यावर विमानतळ बंद करायची शहराला मुभा मिळाली.

त्याच राज्यातल्या पालो आल्टोने उलटा रस्ता धरला. तिथला २,४४३ फुटांच्या एकुलत्या धावपट्टीचा विमानतळ १९६७ पासून जिल्ह्याकडे चालवायला होता. २०१४ मध्ये शहराने तो स्वतःकडे घेतला आणि अनुदान मिळवून उखडलेली फरसबंदी टप्प्याटप्प्याने नवी करायला घेतली.

तिसरा प्रश्न : आपल्याकडे असे का नाही?

पहिले कारण घटनेत आहे. सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीतील २९ वी नोंद विमाने, हवाई वाहतूक आणि विमानतळांची तरतूद यांची आहे. नगरपालिकांची कामे बाराव्या परिशिष्टात आहेत. रस्ते, पाणी, घनकचरा, अग्निशमन, कत्तलखाने अशी १८ कामे, त्यांत विमानतळ नाही. त्यामुळे आपल्याकडचे विमानतळ मुख्यतः भारतीय विमानतळ प्राधिकरण, राज्याची महामंडळे किंवा खासगी कंपन्या चालवतात. शिर्डीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने उभारला.

दुसरे कारण विमानांचे. तुम्ही पाहिलेली विमाने शिकाऊ आणि हौशी वैमानिकांची, रुग्णांना नेणारी, पिकांवर फवारणी करणारी असतात. आपल्याकडे अशी विमाने फार थोडी, म्हणून गाळेभाडे नाही आणि सगळी भिस्त प्रवासी विमानावर. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत विमान कंपन्यांना तोटा भरून काढायला तीन वर्षे मदत मिळते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यांतले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत.

तरीही आपली नगरपालिका विमानतळापासून अलिप्त नाही. याचा दाखला तुमच्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरची धावपट्टी तयार होती, पण विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची नव्वद मीटरहून उंच चिमणी होती. अनेक वर्षांच्या वादानंतर १५ जून २०२३ रोजी महापालिकेने ती पाडली आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुटले. तिरपी वाट मोकळी ठेवण्याचा हिशेब तुमच्या डोळ्यांसमोरच घडला आहे. ती चिमणी हजारो शेतकऱ्यांच्या उसाशी जोडलेली होती, म्हणून उभी राहताना आणि पडतानाही तिने लोकांना दुखावले. उंचीचा निर्णय बांधकामाआधी झाला असता तर दोन्ही बाजूंचे नुकसान टळले असते.

कचऱ्याचेही तसेच. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात पक्ष्यांना बोलावेल असा कचरा टाकायला किंवा उघड्यावर जनावरे कापायला आपले विमानविषयक नियम मनाई करतात. घनकचरा आणि कत्तलखाने ही बाराव्या परिशिष्टातली कामे आहेत, म्हणजे नगरपालिकेचीच. उतरणाऱ्या विमानासमोर घार येणार की नाही, हे स्थानिक आरोग्य विभाग आणि घंटागाडी यांच्या हातात असते.

तेव्हा गुरुजी, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे : मालकी कायद्याने आपल्या नगरपालिकांना दिलेली नाही, पण निम्मी राखण आजही त्यांच्याकडेच आहे. पुढच्या वेळी लेकीकडे गेलात तर एकदा पहाटे त्या कुंपणापाशी जा. धावपट्टीवर एक गाडी अगदी हळू जाताना दिसेल. आतला माणूस खडे शोधत असेल. अमेरिकेतला तो छोटा विमानतळ त्या रोजच्या फेरीवर उभा आहे.