जुना सायलेन्सर आधी वाच, मग नवा घे

बाबू, गाडीखालची फुसफुस वाढली की माणूस तडक दुकानात जातो आणि विचारतो, "पिकअपचा सायलेन्सर केवढ्याला?" तू तसं करू नकोस. दुकानदार भाव सांगेल, पण तुझ्या गाडीला कसला हवा ते त्याला कुठून कळणार? त्यानं तुझा जुना बघितलेलाच नाही. म्हणून जुना खाली उतरव, उन्हात ठेव, पालथा-उताणा करून नीट बघ. तो कशानं गेला हे कळलं की नवा कसला घ्यायचा याचा निम्मा उलगडा तिथंच होतो. तुझी २०१२ची बोलेरो पिकअप आता चौदा वर्षांची होत आली. एवढ्या वयाच्या गाडीचा सायलेन्सर एकटा कधी जात नाही, सोबत आणखी काहीतरी गेलेलं असतं.

पहिलं बघायचं ते पत्रा आतून खाल्लाय की बाहेरून. पेचकसाचं टोक खालच्या अंगाला दाबून बघ. वरून रंग बरा दिसतोय आणि टोक भसकन आत गेलं, तर तो आतून कुजलाय. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं. पण तुझी सकाळची खेप हर्णे बंदरावरून दापोली, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची वाट. इंजिन तापतं, पण मागचा सायलेन्सर पुरता तापत नाही. आतलं पाणी आतच राहतं, त्यात धुराचं आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून सडतो. तुझ्या गाडीनं उमेदीची वर्षं जास्त गंधकाच्या डिझेलवर काढली आहेत. बीएस-३च्या काळात दहा लाखात ३५० भाग गंधक चालत असे, एप्रिल २०२०पासून ते १०वर आलं. नव्याला तेवढा तरी त्रास कमी. तरी छोट्या खेपांच्या गाडीला नवा घेताना एक गोष्ट न चुकता बघ. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी बारीक सुई जाईल एवढं भोक असतं, पाणी निथळायला. कित्येक लोकल मालाला ते नसतंच, आणि काही फिटर "लीक आहे" म्हणून ते वेल्डिंगनं बुजवतात! त्यांना हात जोडून सांग, राहू दे.

बाहेरून खाल्ला असेल तर दोष हौद्यातल्या मालाचा. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून ठिबकतं आणि नेमकं तापलेल्या पत्र्यावर पडतं. पाणी उडून जातं, मीठ उरतं. नारायणगावला टोमॅटो वाहणाऱ्या गाडीचा आणि बंदरावरच्या गाडीचा सायलेन्सर शेजारी ठेवलास तर दोन्ही एकाच मॉडेलचे आहेत यावर विश्वास बसणार नाही. तुझ्या धंद्याला साधा काळा रंग मारलेला पत्रा म्हणजे पैसे पाण्यात. अ‍ॅल्युमिनियमचा लेप असलेला पत्रा घे, जमलं तर स्टेनलेस घे. आणि हौद्याला नीट उतार देऊन पाणी एका नळीनं मागच्या बाजूला काढ. ते काम सायलेन्सरपेक्षा स्वस्त पडेल.

स्टेनलेसच्या नावाखाली काय विकतात तेही ऐक. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, "चिकटत नाही, म्हणजे अस्सल." अर्धी गोष्ट खरी. ३०४ नंबरच्या स्टेनलेसला चुंबक बहुधा धरत नाही. पण गाड्यांच्या एक्झॉस्टला कंपन्या बरेचदा ४०९ नंबरचं वापरतात, त्याला चुंबक पक्का चिकटतो आणि वरवर तपकिरी गंजाची साय सुद्धा येते. ती साय वरच राहते, आत जात नाही. त्यामुळे चिकटला म्हणून माल खोटा, असं नाही. उलट, साध्या पत्र्यावर चकचकीत क्रोम चढवलेला माल चमकतो आणि पहिल्या पावसाळ्यात सोलतो. चुंबकापेक्षा हातातलं वजन जास्त बोलतं. एकाच मापाचे दोन सायलेन्सर दोन हातांत घे. हलका वाटला त्याचा पत्रा तरी पातळ किंवा आतले पडदे तरी कमी. १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, त्याहून पातळ कवच आपल्या रस्त्यांवर घेऊ नकोस. कडेची शिवण बघ: दुमडून दाबलेली असेल तर नख फिरवून बघ, कुठं तोंड उघडलंय का. वेल्डिंगची असेल तर रेघ सलग हवी, ठिपके-ठिपके नकोत. मग दोन्ही हातांनी धरून जोरात हलव. नव्या सायलेन्सरमध्ये काहीही खुळखुळता कामा नये.

आता जरा थांबून ऐकायची गोष्ट. जुना कुजलेला नसेल, पण फ्लँजच्या गळ्याशी किंवा वेल्डिंगच्या कडेला तडकला असेल, तर पत्र्याला शिव्या देऊ नकोस. इंजिन रबराच्या माउंटिंगवर डोलतं, सायलेन्सर चेसिसला टांगलेला असतो. ती रबरं बसली की इंजिनचा प्रत्येक हिसका पाइपमधून थेट सायलेन्सरच्या गळ्यात उतरतो. मग तू नवा घाल, स्टेनलेसचा घाल, सोन्याचा घाल, तोही तिथंच तडकणार. बॉनेट उघड, एकाला क्लच सोडत गाडी जराशी पुढं-मागं ओढायला सांग, हँडब्रेक लावून, चाकाखाली दगड देऊन, आणि स्वतः बाजूला उभा राहून इंजिन किती उचलतं ते बघ. एका अंगानं उचललं की समज, आधी माउंटिंग. मधे लवचीक जाळीदार नळी असते, तिला बेलो म्हणतात, तिची जाळी उसवली असेल तर तीही बदल. टांगायची रबरं तर सायलेन्सरबरोबर सगळीच बदलायची, एक ठेवून एक बदलायची नाहीत. एक ताठ, एक लोंबतं अशी जोडी झाली की सायलेन्सर तिरका बसतो. चहा-वड्याच्या पैशांत येणारी वस्तू आहे ती.

गळती आहे की नाही हे बघायला गाडी गार असतानाच सकाळी चालू कर. डिझेलची गळती स्वतःची सही करते: सांध्याभोवती काजळीचा काळा पंखा उमटतो. पंखा फ्लँजवर असेल तर कदाचित पॅकिंग बदलून भागेल, अख्खा सायलेन्सर लागणारच नाही. जाड कापडानं मागचं तोंड क्षणभर झाक, पुढं जिथून फुसफुसेल तिथं भोक. माणसं हा उपद्व्याप गरम गाडीवर करतात आणि हात भाजून घेतात. गळती केबिनच्या खाली असेल तर खेप थांबव. पाठीमागची काच उघडी ठेवून चालवायची तुला सवय आहे आणि परतीला ताडपत्रीखाली हमाल बसतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

काजळीनं गळा भरल्याचं एक प्रकरण असतं. आंबेनळी घाटात गाडी दुसऱ्यावर रडायला लागते, टर्बो शिट्टी मारतो पण जोर येत नाही, डिझेल जास्त खाते. तुझं इंजिन २५२३ सीसीचं, म्हणजे अडीच लिटर. तीन हजार फेऱ्यांवर मिनिटाला पावणेचार हजार लिटर हवा नुसतं ते ओढतं, टर्बो वर आणखी कोंबतो, आणि तापून फुगलेला तो सगळा धूर त्या एका नळीतून बाहेर पडायचा. आतला पडदा सुटून आडवा पडला की इंजिन स्वतःचाच श्वास गिळत बसतं. पण सायलेन्सरवर शिक्का मारण्याआधी एअर फिल्टर काढून बघ, दर चारातल्या एकाला तेवढंच पुरतं असं आमचे गॅरेजवाले गमतीत म्हणतात. मागचं तोंड तेलकट ओलं असेल, धूर निळा असेल, तर टर्बोचं सील नाहीतर पिस्टनच्या रिंगा. नवा सायलेन्सर घालून धूर जात नाही. पीयूसीला तुझ्या बीएस-३ गाडीला ६५ हार्ट्रिजपर्यंत सूट आहे, ती मर्यादा पार होत असेल तर नोझल आणि पंपाकडं जा.

मापाबद्दल. सगळ्यात सोपं म्हणजे जुना गोणपाटात गुंडाळून दुकानात घेऊन जा. जमत नसेल तर सुतळी घे, पाइपाभोवती एक वेढा घाल, लांबी मोज, ३.१४नं भाग. १६० मिलिमीटर आली तर पाइप ५१चा, म्हणजे दोन इंची. पण कोणता पाइप कोणाच्या आत जातो हे लिहून ठेव, बाहेरचं माप आणि आतलं माप यांत घोळ झाला की फिटर क्लॅम्प आवळून वेळ मारून नेतो. तोंड मधोमध आहे की एका अंगाला, फ्लँजची भोकं दोन की तीन, टांगायच्या पिना कुठं, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढ. कंपनीचा घ्यायचा तर आरसीवरचा चेसिस नंबर दे, नुसतं "बोलेरो" म्हणू नकोस. पुण्यात नाना पेठेत एकाच नावाचे तीन-तीन माल तुझ्यापुढं टाकतील.

कोणी म्हणेल, आतले पडदे काढून सरळ पाइप टाकू, आवाज बघ कसला येतो. टर्बोवाल्या गाडीचा आवाज टर्बोच थोडा मारतो, म्हणून तिला अडथळा कमी असलेला सायलेन्सर चालतो, हे खरं. पण कमी अडथळा वेगळा आणि सायलेन्सरच नसणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)प्रमाणं आवाज-धुराचा नियम मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन तीन महिने बाद होऊ शकतं. लायसन गेलं तर मासळी काय डोक्यावर नेणार? मागच्या नळीचं तोंडही जमिनीकडं किंवा डाव्या अंगाला वळवून देऊ नकोस, नियमात ते बसत नाही. आणि डाव्या अंगालाच तर एसटीला थांबलेली माणसं असतात.

बसवताना आदल्या रात्री स्टडवर गंज सोडवायचं तेल मारून ठेव. तरी तुटलाच तर फिटर गॅसनं तापवेल, तेव्हा डिझेलची नळी आणि हँडब्रेकची केबल ओल्या गोणपाटानं झाक. वेल्डिंग करणार असेल तर बॅटरीची वायर आधी काढ, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांग, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. मग माझी खास अट: शेवटचं आवळणं जॅकवर करू देऊ नकोस. जॅकवर मागचा एक्सल खाली लोंबतो, सगळीकडं भरपूर जागा दिसते. गाडी चाकांवर उभी कर, हौद्यात भार टाक, पाटे बसू दे, आणि मग बघ नळी एक्सलला, स्टेपनीला, ब्रेकच्या पाइपला किती जवळ येते. मधून हाताची मूठ जात नसेल तर पिना परत जुळव. स्टेपनीचं रबर तापून चिकट झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मालकाला ते पंक्चर झाल्यावरच कळलं.

पहिल्या दिवशी नव्या पत्र्यावरचं तेल जळून थोडा धूर येईल, घाबरू नकोस. तापून-गार होऊन आठवडा गेला की सगळे नट पुन्हा एकदा आवळून घे, तेव्हा एक-दोन तरी सैल निघतात. जुना माल गॅरेजवर सोडू नकोस, भंगारात त्याचे चार पैसे येतात. पुढं कधी बीएस-४ची गाडी घेतलीस तर हे जास्त लक्षात ठेव, तिच्या पाइपमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमच्या जातीचे धातू असतात आणि तो "खराब होता, टाकून दिला" असं सांगणारे फार आहेत. बिलावर पार्ट नंबर आणि गॅरंटी लिहून घे. पासिंग तुला आता दर वर्षी लागतं, त्याच्या तारखेच्या महिनाभर आधी हे सगळं उरकून टाक, म्हणजे आवळायचा दुसरा फेराही तेवढ्यात होऊन जाईल.