उन्हाळ्यात घरी रोल धुताना

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत कृष्णधवल रोल घरी धुता येतो का? निगेटिव्ह मोबाइलवर कसे आणावेत?
– एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : धुता येतो, खरी अडचण पाण्याच्या तापमानाची असते. डेव्हलपरची वेळ सहसा २० अंश सेल्सिअसला धरून दिलेली असते. खानदेशच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी त्याहून बरेच गरम येते. गरम रसायनात रोल झपाट्याने धुतला जातो आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली, तर निगेटिव्हवर पट्टे उमटण्याचा धोका असतो. म्हणून डेव्हलपर निम्मे पाणी घालून पातळ करावा. इल्फर्ड एचपी५ प्लस रोलला आयडी-११ मध्ये १+१ प्रमाणात २० अंशांना १३ मिनिटे लागतात. २४ अंशांना सुमारे ९ मिनिटे पुरतात.

कोरड्या हवेत माठातले पाणी चांगले गार होते, तेच वापरावे. कमी पडल्यास बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात, बर्फ रसायनात टाकू नये. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) आणि धुण्याचे पाणी यांचे तापमान जवळपास सारखे हवे, नाहीतर रोलवरील थर सुरकुततो. बोअरचे पाणी जड असल्यास शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याने करावी. रोल बंद न्हाणीघरात टांगावा. बाहेर धूळ चिकटते.

वाळल्यावर टॅबलेटचा पडदा पांढरा करून निगेटिव्ह त्याच्यापासून थोडा वर धरावा, म्हणजे पडद्याचे ठिपके दिसत नाहीत. मोबाइलने फोटो काढून संपादनात रंग उलटवावेत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते. तो विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये.