तुरा लाल, म्हणून कोंबडा?

आखाडातल्या शेवटच्या रविवारी पाहुणे येणार म्हणून मी एक कोंबडा कापायला दिला. साफ करताना त्याच्या पोटात अंड्यांचा घड निघाला. एक बलक मोठ्या बोराएवढा, त्यामागे हरभऱ्याएवढे, मग मोहरीसारखे बारीक कितीतरी. आठवडाभरात अंड्यावर आली असती ती. पाच महिने मी तिला दाणा घातला होता आणि कोंबडा समजून मीच तिला कापायला दिलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ही चूक सुरू झाली माघात. मोटारसायकलला जाळीची खोकी बांधून पिल्लंवाला दारात आला. “सगळ्या तलंगाच आहेत वहिनी, अंड्याला तोटा नाही,” म्हणाला. एका पिल्लाचा पंख उलगडून त्याने लांब पिसं दाखवली आणि हीच मादीची खूण म्हणून सांगितलं. मी २० पिल्लं घेतली. पंखाची परीक्षा खोटी नाही, पण ती चालते फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या जातींत, तीही जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच. तिथे मादीची पिसं लवकर फुटतात, नराची उशिरा. गावरान किंवा मिसळ पिल्लांत तिचा काही उपयोग नाही. बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं मिळतात, ती तर बहुतेक नरच असतात. अंड्यांच्या जातीतल्या नरांचा हॅचरीला उपयोग नसतो, म्हणून ते स्वस्तात विकले जातात.

दुसरी चूक याहून वाईट. पिल्लाची शेपटीखालची जागा दाबून नर-मादी ओळखतात, एवढं ऐकलं होतं. ते खरंच आहे. जपानी तज्ज्ञांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ती पद्धत बसवली आणि हॅचरीतले शिकलेले हात आजही ती वापरतात. पण पाहायचा असतो तो उंचवटा टाचणीच्या डोक्याएवढा असतो, आणि काही माद्यांतही तसाच दिसतो. शिवाय नव्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला अंश असतो. मी एका पिल्लाला दाबलं. ते संध्याकाळपर्यंत मान टाकून बसलं आणि रात्री गेलं. घरी हा प्रयोग कुणीही करू नये. पाय धरून उलटं टांगणं, डोक्यावर दोऱ्याने अंगठी फिरवणं, टोकदार अंड्यातून नर निघतो म्हणणं, यांतलंही काही खरं नाही. नर की मादी हे अंडं घालण्याआधीच ठरलेलं असतं, आणि पक्ष्यांत ते आईकडून ठरतं.

मग ओळखायचं कसं? थांबून. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लं शेजारी शेजारी उभी करून बघा. ज्यांचा तुरा मोठा आणि लालसर होऊ लागलाय, पाय जाड आहेत, ते बहुधा नर. तलंगांचा तुरा तेव्हा बारीक आणि फिकट असतो. कडकनाथात मात्र तुराच काळपट, त्यामुळे रंगावर जाऊ नका, आकार बघा.

मी फसले ती इथेच. सहाव्या आठवड्यात लाल तुरा म्हणजे कोंबडा, हे मनात पक्कं बसलं आणि पाचव्या महिन्यातही मी तोच नियम लावला. पण अंड्यावर येताना तलंगेचाही तुरा फुगून लालभडक होतो! बाकीचे कोंबडे आरवत होते, हा आरवत नव्हता. मला वाटलं, थोरल्यांच्या धाकात असेल.

आत्याबाई त्या सकाळी खुराड्याजवळच होत्या. “अगं, तुरा नगं बघू, मानंचं पीस बघ,” म्हणाल्या. मी घाईत होते.

मानेचं पीस म्हणजे काय, ते नंतर त्यांनी हातात देऊन दाखवलं. कोंबडीच्या मानेवरचं पीस टोकाला गोल असतं. कोंबड्याचं निमुळतं, टोकदार आणि चकचकीत. शेपटीच्या मुळाशी पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी लांब, अरुंद पिसं तर फक्त कोंबड्यालाच येतात. साधारण तिसऱ्या महिन्यापासून हे दिसू लागतं आणि पुढे महिन्यागणिक स्पष्ट होतं.

माझ्या २० पिल्लांतली १६ जगली. त्यांत ९ कोंबडे निघाले. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. बाकीचे दाणा खातात आणि आपसांत रक्त निघेतो झुंजतात. अंड्यांसाठीच पाळायच्या असतील तर तीन महिन्यांच्या तलंगा घ्या, महाग पडल्या तरी. लहान पिल्लं घेतलीत, तर निम्मे नर निघतील असंच धरून खुराड्याचा आणि दाण्याचा हिशोब करा.

आणि कापायला देण्याआधी पक्षी उजेडात धरा, मानेवरचं एक पीस बोटात घेऊन त्याचं टोक बघा. गोल असेल, तर तिला परत खुराड्यात सोडा.