घटसर्पाचा जंतू कोणत्या घराण्यातला?

संगमेश्वरच्या बाजूला पाऊस लागला की गोठ्यात एक धास्ती असते. शास्त्री आणि सोनवी दुथडी वाहू लागतात, लावणीची घाई असते, आणि एखादी म्हैस सकाळी वैरण सोडते. अंग तापते. गळ्याखाली सूज येते, लाळ गळते, घशात घरघर लागते. पुष्कळदा दुसरा दिवस उजाडायच्या आत ती जाते. हा घटसर्प. ऐन पावसात दुभते जनावर गेले म्हणजे घराचे काय होते, ते आम्ही तुम्हांला काय सांगावे!

नावात सर्प आहे, पण यात साप नाही. यात आहे एक जंतू. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसतो. आणि गंमत पाहा. लहान मुलांच्या घशाच्या एका रोगालाही आपण घटसर्पच म्हणतो. त्याचा जंतू मात्र निराळ्याच घराण्यातला. नाव एक, जंतू दोन.

याच्या उलटही झाले. फ्रान्स देशात लुई पाश्चर नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. १८८० च्या सुमारास त्यांनी कोंबड्यांच्या पटकीचा जंतू वाढवून त्याचा अभ्यास केला. १८८७ साली त्या जंतूच्या घराण्याला त्यांच्याच नावावरून 'पाश्चुरेला' हे नाव पडले. तसलेच जंतू गुरांत सापडले, डुकरांतही सापडले. मग ज्या जनावरात जंतू सापडला, त्या जनावराचे नाव त्याला द्यायचे, अशी रीत पडली. एकाच माणसाला देवरुखात देवरुखकर आणि साखरप्यात साखरपेकर म्हणावे, तसेच हे! शेवटी १९३९ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडले की, ही सारी एकच जात धरावी. तिचे नाव 'पाश्चुरेला मल्टोसिडा'. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा जातीचा. मल्टोसिडा म्हणजे पुष्कळांना मारणारा.

जात ठरवतात कशी? आजारी जनावराच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरतात व त्याला रंग देतात. घटसर्पाच्या जंतूची दोन टोके गडद रंगतात, मधला भाग फिका राहतो. मग तो कशावर वाढतो, त्याला हवा लागते का, कोणती साखर तो आंबवतो, हे पाहतात. आता तर जंतूच्या पेशीतला आनुवंशिक मजकूरच वाचता येतो, आणि नवा जंतू सापडला तर जुन्यांशी ताडून पाहता येतो.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. तर ऐका. एका जातीतही प्रकार असतात. आपल्याकडे गुरांना घटसर्प करणारा प्रकार 'बी', आफ्रिकेत 'ई'ही आढळतो. लस करायची ती इथल्या प्रकारावरूनच करावी लागते.

आणि फऱ्या? तोही बहुधा पावसाळ्यातच येतो. धडधाकट खोंड एकाएकी लंगडते, मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते, दाबली तर चुरचुर वाजते. त्याचा जंतू तिसऱ्याच घराण्यातला. त्याला हवा सोसत नाही, पण त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. घटसर्पाची लस फऱ्याला चालत नाही.

गुरांच्या जंतूंचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा आपल्या देशात प्रथम निघाली ती पुण्यात, १८८९ साली. १८९३ साली ती दूर हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. आज महाराष्ट्रात या दोन्ही रोगांच्या लसी पुण्याला औंध येथे तयार होतात.

लस टोचल्यावर अंगात जोर धरायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून मिरग लागायच्या आधी, मे महिन्यातच जनावर दवाखान्यात न्यावे, आणि टोचली ती लस घटसर्पाची, फऱ्याची की दोन्हींची, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवावे. आता तुम्हांला लिहिता येतेच.