सशस्त्र गट मुलांना का पळवतात?

मानवी तस्करी फक्त दलालच करतात असं नाही. सशस्त्र गटांनाही माणसं, पैसा आणि दहशत हवी असते. २०१४ मध्ये बोको हरामने नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या. त्याच वर्षी इराकमध्ये इसिसने यझिदी स्त्रियांना पकडून विकलं. आपल्या विदर्भातही, गडचिरोलीत, माओवाद्यांनी अल्पवयीन मुलामुलींना दलममध्ये ओढलं. मुलं निरोप पोचवतात, पगार मागत नाहीत, त्यांचा संशयही येत नाही. अशा मुलाची ‘संमती’ कायदा मानत नाही.

वाशिममध्ये असे गट नाहीत. पण दलालालाही शाळेबाहेरचं मूलच सोपं सापडतं. म्हणून मूल सलग गैरहजर दिसलं, की घरी जाऊन चौकशी करा. शंका आली तर १०९८ वर फोन करा. हा नंबर मुलांनाही पाठ असू द्या.